कारखान्यात बनलेली ठासणीची रायफल : नेम किती, मोल किती

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी नुकताच नेमबाजीच्या एका क्लबात प्रवेश घेतला आहे आणि तिथल्या एका सभासदाकडची थॉम्पसन-सेंटर कंपनीची ‘हॉकेन’, म्हणजे अर्धा इंच व्यासाची, टोपीवर (घोडा आपटताच पेटणाऱ्या धातूच्या छोट्या वाटीवर) उडणारी ठासणीची रायफल, त्यांना साडेतीनशे डॉलरला मिळते आहे. क्लबातल्या एका जाणत्या गृहस्थांचे म्हणणे असे, की कारखान्याच्या या बंदुकीचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या, नळीच्या आतल्या चरांचे वळण) धड गोल गोळीचा नाही आणि धड लांब गोळीचाही नाही, तेव्हा पैसे साठवावेत आणि कारागिराकडून बंदूक बनवून घ्यावी. रायफल उसनी घेऊन पाहिली, तेव्हा पन्नास यार्डांवर पाच गोळ्या सहा इंचांत पसरल्या. दारू नव्वद ग्रेन (दारू मोजण्याचे एकक) होती आणि गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या दुकानातून आणलेल्या, आधीच तेल लावलेल्या होत्या. या बंदुकीने नेम लागेल का आणि दिलेले पैसे वसूल होतील का, असे त्यांना विचारायचे आहे.

उत्तराआधी माझ्या अनुभवाची मर्यादा सांगतो. मी पेशाने टूलरूममधला माणूस आहे. आधी पिंपरीत आणि नंतर ओहायोत काम केले. गेली सव्वीस वर्षे मी काळ्या दारूच्या बंदुका चालवतो, दुरुस्त करतो आणि अधूनमधून विकतघेत असतो. कुडाळजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची एकनळी बंदूक होती. तिच्या नळीत चर नव्हते आणि नेमबाजीशी तिचा संबंध रानडुकरांपुरताच होता, पण दारू, मग गोळी, मग ती ठासायचा गज, आणि टोपी सर्वांत शेवटी, हा क्रम मी त्यांच्याकडे पाहूनच शिकलो. स्पर्धेतली मोठी पदके माझ्या नावावर नाहीत. मात्र कारखान्याच्या वीसबावीस बंदुकांच्या नळ्या मी स्वतः साफ करून, मोजून आणि मारून पाहिल्या आहेत, आणि पुढचे सर्व त्यावर आधारलेले आहे.

पहिली गोष्ट अशी, की ‘कारखान्याची की कारागिराची’ असा प्रश्न नेमाच्या बाबतीत विचारण्यातच चूक होते. आज अमेरिकेत हाताने बंदुका घडवणारे बहुसंख्य कारागीर नळी स्वतः करत नाहीत. ती राइस, कोलेरेन किंवा ग्रीन माउंटन यांच्यासारख्या नळ्या करणाऱ्यांकडून येते आणि चापाची यंत्रणाही बहुधा तयारच घेतली जाते. कारागिराचे कसब असते ते दस्त्यात, जोडकामात, पितळेच्या आणि कोरीव कामात, आणि बंदूक खांद्याला लावताच माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) आपोआप डोळ्यासमोर यावी अशा बेताने लाकूड उतरवण्यात. हे कसब खरे आहे आणि त्याचे पैसे मागणे रास्तही आहे. परंतु गोळी जिथून फिरत बाहेर पडते, ते पोलादातले भोक दोन्ही बंदुकांत यंत्रानेच पाडलेले असते, आणि एकसारखी भोके पाडणे हे काम यंत्र माणसापेक्षा चांगले करते.

इतिहासही हेच सांगतो. आपल्याकडे १८५७ मुळे जिचे काडतूस सर्वांना ठाऊक आहे, ती एन्फिल्ड रायफल अमेरिकेतल्या व्हरमाँटहून मागवलेल्या यंत्रांवर, सुटे भाग एकमेकांत बदलता यावेत अशा पद्धतीने बनू लागली होती. त्याच वर्षी मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांची षट्कोनी नळीची रायफल चाचणीत एन्फिल्डच्या कितीतरी पुढे गेली. व्हिटवर्थ हे मुळात यंत्रांची हत्यारे आणि मोजमापाची साधने बनवणारे गृहस्थ होते, आणि त्यांच्या बंदुकीची सरशी झाली ती काटेकोर मापांमुळे आणि वीस इंचांत एक फेरा घेणाऱ्या जलद पिळामुळे. लष्कराने ती घेतली नाही, कारण ती महाग होती आणि काजळीने लवकर चोंदत असे. त्या काळच्या ठासणीच्या बंदुकांतली सर्वांत नेमकी बंदूक अशी कारखानदाराच्या डोक्यातून आली होती, हे आपल्या क्लबातल्या जाणत्यांना सांगायला हरकत नाही.

आता पिळाकडे वळू, कारण त्या गृहस्थांच्या बोलण्यात तथ्य आहे ते तिथेच. थॉम्पसन-सेंटरची हॉकेन १९७० मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या रोचेस्टर येथे बनू लागली, तेव्हा तिच्या २८ इंची नळीला ४८ इंचांत एक फेरा असा पीळ दिला गेला. एकाच बंदुकीतून चिंधीत गुंडाळलेली गोल गोळीही मारता यावी आणि कंपनीची स्वतःची ‘मॅक्सी-बॉल’ ही लांबट शिशाची गोळीही मारता यावी, हा त्यामागचा हेतू होता. म्हणून तिला तडजोडीचा पीळ म्हणतात आणि तसे म्हणणे चुकीचे नाही.

पण ही तडजोड कुठे नडते, ते आकड्यांत पाहू. आल्फ्रेड ग्रीनहिल या वूलिचच्या गणिताच्या प्राध्यापकाने १८७९ मध्ये दिलेले सूत्र असे : गोळीच्या व्यासाच्या वर्गाला दीडशेने गुणायचे आणि गोळीच्या लांबीने भागायचे, की तिला स्थिर ठेवायला किती इंचांत एक फेरा पुरेल ते मिळते. गोल गोळीत लांबी आणि व्यास एकच असतात. त्यामुळे ०.४९० इंचाच्या गोळीसाठी उत्तर येते सुमारे ७३ इंच. म्हणजे ४८ इंचांचा पीळ गोल गोळीला कमी पडत नाही, उलट हवा त्याहून जास्तच आहे. लांब गोळीसाठी हेच सूत्र उलटे फिरवले, तर ४८ इंचांचा पीळ पाऊण इंचाहून किंचित लांब गोळीपर्यंत पुरतो. सूत्र थोडे सावध आहे, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडी लांब गोळीही सरळ जाते. परंतु आजच्या प्लास्टिकच्या आवरणातल्या लांब गोळ्या या नळीतून मारण्याचा हट्ट धरू नये. गंमत अशी, की सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकेन या भावांनी एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या मूळ रायफलींपैकी बहुतेकींचा पीळही ४८ इंचांचाच सापडतो, आणि त्या तर गोल गोळीसाठीच होत्या. थॉम्पसन-सेंटरच्या हॉकेनचे रूप मूळ बंदुकीशी फारसे जुळत नाही, तिचे पितळ जास्त चमकते आणि नळी तोकडी आहे, पण पिळाच्या बाबतीत तिला बोल लावता येत नाही.

मग सहा इंच का पसरले? माझ्या मते कारण पिळापेक्षा चरांच्या खोलीत, आणि त्याहून जास्त चिंधीत आहे. या नळीचे चर उथळ असतात, सुमारे पाच थाऊ, म्हणजे इंचाचे पाच हजारांश. नळीचा व्यास ०.५०० आणि गोळीचा ०.४९० धरला, तर दोन चरांमधल्या उंचवट्यावर एका बाजूला पाच थाऊ जागा उरते आणि चरात दहा. पंधरा थाऊ जाडीचे घट्ट विणीचे कापड तिथे दाबून बसते आणि गॅस अडवते. मात्र उथळ चरांची पकड मर्यादित असते, आणि नव्वद ग्रेन दारूचा धक्का बसला की कापड जळते किंवा फाटते आणि गोळी पिळाबरोबर फिरण्याऐवजी घसरते. दहाबारा थाऊ खोल चरांच्या, संथ पिळाच्या नळ्यांना जास्त दारू मानवते ती याच कारणाने. जाणत्यांनी अशा नळ्यांवर हात बसवलेला असेल, तर त्यांचे मत तसे होणे स्वाभाविक आहे.

यावर वाद घालण्यापेक्षा जमिनीवर पडलेल्या चिंध्या गोळा कराव्यात. गोळी सुटल्यावर चिंधी साधारण दहापंधरा यार्डांवर पडते. मी प्रत्येक नव्या बंदुकीबरोबर पहिल्या दिवशी दर पाच गोळ्यांनंतर, क्लबाने मैदान थांबवल्याचा पुकारा केल्यावर, पुढे जाऊन चिंध्या उचलतो आणि टेबलावर क्रमाने मांडतो. चांगली चिंधी पुन्हा वापरता येईल इतकी शाबूत असते : मधोमध काजळीचा गोल ठसा, त्याभोवती चरांचे समान अंतरावरचे काळे पट्टे आणि कडांना थोडे सुटलेले धागे. ठशाभोवतीचे कापड करपून गेले असेल, तर कापड पातळ आहे किंवा तेल कमी पडले आहे. पट्ट्यांच्या जागी ब्लेडने कापल्यासारख्या चिरा असतील, तर नळीच्या तोंडाची किंवा उंचवट्यांची कड धारदार आहे. आणि चिंधीच्या नुसत्या चिंधड्याच मिळाल्या, तर दुकानातले ते तेल लावलेले पाकीट कचऱ्यात टाकावे, कारण तेलात वर्षानुवर्षे पडून राहिलेले कापड कुजते. दोन बोटांत धरून ओढले तरी ते फाटते. आपल्या बाबतीत मला पहिला संशय त्याचाच आहे.

माझ्याकडच्या पहिल्या हॉकेनची गोष्ट सांगतो. ती मी एका जत्रावजा बंदूक-प्रदर्शनात घेतली होती आणि पन्नास यार्डांवर ती चारसाडेचार इंचांच्या खाली यायला तयार नव्हती. चिंध्या पाहिल्या, तर प्रत्येकीवर एकाच बाजूला दोन चिरा. नळीच्या तोंडाशी भिंग धरले, तेव्हा दोन उंचवट्यांच्या कडेला बारीकशी बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, दिसली. बारीक एमरी कागद तोंडावर ठेवला, अंगठ्याच्या पेराने दाबून तो गोल फिरवला, दर मिनिटाला नळी पाव फेरा वळवत राहिलो, आणि कड नखाला लागेनाशी झाल्यावर थांबलो. चिंध्यांसाठी गादीच्या खोळीचे पट्ट्यापट्ट्यांचे कापड आणले, धुऊन त्यातली खळ काढली आणि मेण व ऑलिव्ह तेल वितळवून त्यात भिजवले. दारू नव्वदवरून साठ ग्रेनवर आणली. त्यानंतर त्याच बंदुकीने टेकूवरून पन्नास यार्डांवर पाच गोळ्या दीड इंचात दिल्या. खर्च कापडाचा आणि एका संध्याकाळचा, एवढाच झाला.

आपण त्या रायफलीत पन्नास ग्रेन दारूपासून सुरुवात करावी, पाचपाच ग्रेनने वाढवत जावे आणि पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा त्यांचा पसारा, ज्या मापावर सर्वांत लहान येईल तिथे थांबावे, अर्थात निर्मात्याच्या पुस्तिकेतली मर्यादा कधीही न ओलांडता. दोन गोळ्यांच्या मध्ये एक ओलसर आणि एक कोरडी चिंधी फिरवावी. गजावर एक खूण करून गोळी दर वेळी तितकीच खाली, दारूला टेकून बसली आहे याची खात्री करावी. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली, तर नळी फुगू शकते. बिनधुराची आधुनिक दारू या बंदुकीत चिमूटभरही घालायची नसते. टेकूवरून पन्नास यार्डांवर दोन इंच आणि शंभरवर चार इंच मिळाले, तर गोल गोळी आणि उघड्या माशीच्या मानाने बंदूक चांगली समजावी. त्याहून लहान ग्रुप देणाऱ्या नळ्या मी पाहिल्या आहेत, पण चाळिशीनंतर मागची खाच, माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसत नाहीत, आणि ग्रुपमधला एखादा इंच डोळ्यांच्या खात्यावर जातो.

काही गोष्टी आपल्या हेतूवर अवलंबून आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या नाताळानंतरच्या हरिणाच्या हंगामासाठी बंदूक हवी असेल, तर टोपीची रायफल उपयोगाची नाही. तो हंगाम १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचाच आहे. चकमकीच्या बंदुकीत कारखान्याच्या मालाला माझी पसंती थोडी कमी आहे, कारण तिथे ठिणगी पडण्यापासून बार उडेपर्यंतचा वेळ नेम बिघडवतो आणि स्वस्त यंत्रणेतला वाईट पोलादाचा तुकडा हा वेळ वाढवतो. केवळ गोल गोळीच मारायची असेल, तर इटलीतल्या इन्व्हेस्टआर्मने बनवलेली आणि लायमनच्या नावाने विकली गेलेली ‘ग्रेट प्लेन्स’ रायफल पाहावी. तिची नळी ३२ इंचांची आणि पीळ ६० इंचांचा आहे, आणि मूळ हॉकेनच्या रूपाशीही ती अधिक प्रामाणिक आहे. स्पर्धेकडे ओढा असेल, तर इटलीतल्याच, गार्दोने व्हाल त्रोंपिया इथल्या पेदेर्सोली कंपनीच्या बंदुका आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नेहमी दिसतात, पण त्यांची किंमतही तशीच असते. आणि शंभर यार्डांवर दुर्बीण लावून एकदीड इंच हवा असेल, तर ज्यांत टोपी थेट नळीच्या मागे बसते त्या इनलाइन बंदुका घ्याव्यात. १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी हा प्रकार रुळवल्यापासून नेमाच्या नुसत्या मोजमापात त्या पुढे आहेत. मला स्वतःला त्यांत मौज वाटत नाही, पण तो आवडीचा भाग झाला.

आता मोलाविषयी. ही हॉकेन बनणे केव्हाच थांबले आहे. २००७ मध्ये कंपनी स्मिथ अँड वेसनकडे गेली आणि पुढे तिचे उत्पादन रोचेस्टरहून हलले. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या जुन्या हॉकेनला गिऱ्हाईक आहे आणि साडेतीनशे डॉलर हा आजच्या बाजारात रास्त भाव वाटतो, जर नळी आतून स्वच्छ असेल तर. ती गुंतवणूक समजू नये. या बंदुका फार मोठ्या संख्येने बनल्या आहेत आणि दुर्मीळ होण्याइतक्या कमी व्हायला वेळ लागेल. मात्र रास्त भावाने घेतलेली, नीट राखलेली हॉकेन पाच वर्षांनी साधारण त्याच भावाला जाते, असा माझा अनुभव आहे. कारागिराने घडवलेल्या बंदुकीचे तसे नसते. तिला काही हजार डॉलर पडतात, दोनदोन वर्षे थांबावे लागते आणि घडवणारा नावाजलेला नसेल, तर विकताना बरीच रक्कम सोडावी लागते, कारण दस्ता आपल्या मापाचा असतो, गिऱ्हाइकाच्या मापाचा नसतो. पहिलीच बंदूक तशी बनवून घेणाऱ्याला आपले माप काय आणि आपल्याला काय आवडते, हेही अजून कळलेले नसते. ज्यांना हाताने काही करायची हौस आहे, त्यांच्यासाठी मधला मार्ग म्हणजे यंत्रावर कोरून आलेले किबलर यांच्यासारख्यांचे जोडसंच. घरी जोडलेल्या संचाच्या बंदुकीला विक्रीत भाव कमीच येतो, पण लाकडाला तेल लावत बसण्यातली संध्याकाळ त्यात जमेला धरावी.

हॉकेनची आणखी एक सोय आहे. तिची नळी आकड्यात अडकवलेली असल्यामुळे एक पाचर काढली की सुटून येते, आणि त्याच दस्त्यावर बसणाऱ्या ७० इंच पिळाच्या, खोल चरांच्या ग्रीन माउंटनच्या नळ्या जुन्या बाजारात अधूनमधून मिळतात. पुढे आपण जाणत्यांच्या मताचे झालात, तर बंदूक बदलण्याऐवजी नुसती नळी बदलता येईल.

तेव्हा भाव ठरवायचा तो नळीच्या आतल्या बाजूवरून. बाहेरून आरशासारखी दिसणारी एक बंदूक मी एकदा एका दुकानदाराच्या शब्दावर घेतली. घरी आल्यावर पाहतो, तर आत बुडापासून चारपाच इंचांपर्यंत गंज लागून खड्डे पडलेले, आणि प्रत्येक चिंधी तिथे अडकून फाटत होती. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. काळ्या दारूची राख हवेतली ओल खेचून घेते, आणि पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूची राख तर लोखंडाला त्याहून वाईट. मागच्या मालकाने बंदूक त्याच दिवशी गरम पाण्याने धुतली की पुढच्या रविवारपर्यंत तशीच ठेवली, हे आत पाहिल्याशिवाय कळत नाही.

रायफल पाहायला जाताना खिशात बोटाएवढा छोटा दिवा, दोनचार कोऱ्या चिंध्या आणि नळीत बसणारा गज न्यावा. सर्वांत आधी गज आत सोडून तोंडाशी बोटाने खूण धरावी आणि बाहेर काढून नळीशेजारी लावून पाहावा. खूण ते टोक ही लांबी बुडाच्या बरीच अलीकडे संपली, तर नळीत जुना बार भरलेला असू शकतो. जुन्या बंदुका अशा भरलेल्या सापडतात. या हॉकेनच्या बुडाशी दारूची कोठी नळीपेक्षा अरुंद असते, त्यामुळे गज निपलच्या (टोपी बसते त्या पोकळ खुंटीच्या) थोडा अलीकडे थांबला, तर घाबरू नये. नळी मोकळी आहे याची खात्री झाल्यावर दिवा आत सोडून चर पाहावेत, आणि मग घट्ट चिंधी तोंडापासून बुडापर्यंत सावकाश सरकवावी. ती एकसारख्या जोराने गेली पाहिजे. कुठे सैल पडली तर तिथे नळी फुगलेली आहे, आणि कुठे खरखरली तर तिथे गंज आहे. तोंडाची कड गजाच्या घासण्याने एका बाजूला झिजली आहे का, निपलभोवतीची जागा आगीने खाल्ली आहे का, आणि अर्धा ओढलेला घोडा चाप दाबल्यावरही जागीच राहतो का, एवढे पाहावे. दस्त्यावरचे ओरखडे पाहण्यात वेळ घालवू नये, मात्र भाव पाडायला ते जरूर दाखवावेत.

पेनसिल्व्हेनियात अशी बंदूक घेताना कागदपत्रांचा त्रास फारसा नाही, कारण १९६८ च्या संघीय कायद्यात ती पुरातन शस्त्रांच्या व्याख्येत बसते. परंतु आपण उद्या नदी ओलांडून न्यू जर्सीत राहायला गेलात, तर तिथे हीच बंदूक साध्या बंदुकीसारखी मानली जाते आणि तिला ओळखपत्र लागते, हे आधीच लक्षात ठेवावे. भारतात ती नेण्याचा विचार मनात आणू नये. तिथे आजोबांच्या त्या एकनळीलाही परवाना होता.

चिंधी शेवटपर्यंत एकसारखी गेली, तर साडेतीनशे देऊन टाकावेत. बुडाशी थोडी खरखर लागली पण चर स्पष्ट असतील, तर मी दोनशेच्या वर जाणार नाही. आणि चिंधी फाटून बाहेर आली, तर सभासदाचे आभार मानून रायफल परत त्याच्या हातात द्यावी.